आईचा 'कंपवात' आणि ॲसिडिटीची कॅप्सूल: याला डॉक्टरांचा निष्काळजीपणा म्हणायचं का?

डहाणूकर_कट्टा (धागाकर्ता)

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही असा.

आई ७६ वर्षांची, वजन ४६ किलो, कोथरूडला आमच्याकडे असते. दीड वर्षापूर्वीपर्यंत रोज पायी कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन भाजी आणायची. हिशेबात पाच रुपये कमी निघाले तर त्याच पावली परत जायची. तेव्हा तिला ढेकरांचा आणि पोट फुगण्याचा त्रास सुरू झाला. पोटाच्या डॉक्टरांनी एक कॅप्सूल दिली. आराम पडला आणि कॅप्सूल चालू राहिली.

सात-आठ महिन्यांनी तिचे हात थरथरायला लागले. चाल बारीक झाली, चेहरा दगडासारखा. माझी मुलगी म्हणाली, "आजी आता हसत नाही." मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात (पार्किन्सन) असं निदान करून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू केल्या. त्याने मळमळ वाढली, थरथर काही कमी झाली नाही. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याशी पडली. खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने "आजींच्या सगळ्या गोळ्या घेऊन या" म्हणून सांगितलं. पिशवी टेबलावर उपडी केली, एकेक पाकीट वाचलं आणि ती कॅप्सूल बाजूला काढली. तिच्यात रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम होतं. म्हणाली, हे किती दिवस चालू आहे? मी म्हणालो, चौदा महिने. ती काही बोलली नाही. तिच्या सरांना बोलावून आणलं.

कॅप्सूल बंद झाली, पुढे लेव्होडोपाही टप्प्याटप्प्याने बंद केलं. आज चार महिने झाले. थरथर जवळजवळ गेली आहे. वॉकर मात्र आता कायमचा.

एकूण खर्च साडेतीन लाखांच्या वर गेला, पण प्रश्न पैशांचा नाही. प्रश्न असा आहे की यात चूक कोणाची? हा औषधाचा दुष्परिणाम म्हणून सोडून द्यायचा, की निष्काळजीपणा म्हणून तक्रार करायची? डॉक्टर आणि वकील मंडळींनी स्पष्ट लिहावं. सहानुभूती नको, घरी भरपूर आहे.

---

चिंचेचं_पान

वाचून हात गार पडले. सासूबाई हीच कॅप्सूल घेतात. स्वयंपाकघरात जाऊन पाकीट बघून आले. तेच आहे.

---

तुळशीबागवाले_नाही

करा केस. निकाल लागेल तेव्हा तुमची मुलगी तिच्या नातवंडांना वाचून दाखवेल.

---

ओपीडी_नंबर_९

फिजिशियन आहे, १९ वर्षं झाली. सिंहगड रोडला दवाखाना. माझ्या बाजूने लिहितोय असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी औषधाबद्दल. लेव्होसल्पिराइड डोपामिनला, म्हणजे शरीरात निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाला, अडवतं. पोटात अडवलं की जठर लवकर रिकामं होतं, ढेकर आणि जडपणा कमी होतो. पण तेच ते मेंदूतही अडवतं, आणि मेंदूत डोपामिन कमी पडलं की जे दिसतं त्यालाच आपण कंपवात म्हणतो. खऱ्या कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. इथे पेशी शाबूत असतात, फक्त दाराला बाहेरून कडी घातलेली असते. लेव्होडोपा म्हणजे मेंदूत डोपामिन वाढवणारं औषध, पण दारच बंद, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. कडी तशीच ठेवून आत माणसं ढकलत होतात. बहुतेकांत औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत लक्षणं जातात. थोड्या जणांत जात नाहीत. त्यांच्यात खरा आजार आधीपासून दबून असतो आणि औषध तो उघडा पाडतं. तुमच्या आईंचं नशीब म्हणायचं.

म्हाताऱ्या माणसात हे जास्त का होतं? एक हिशेब करून दाखवतो. समजा आईंचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, १.१ आलं. लॅबच्या कागदावर त्याच्यापुढे 'नॉर्मल' असंच छापलेलं असणार. पण वय ७६, वजन ४६ आणि बाई, हे धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घातलं की मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला साधारण ३२ मिलिलिटर निघते. तरुणपणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. म्हणजे ७५ चा डोस कागदावर ७५, अंगात त्याहून बराच जास्त.

एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, याला वैद्यकात नाव आहे, औषधांचा धबधबा म्हणा हवं तर. अमेरिकेत १९९५ सालीच एक अभ्यास छापून आला होता. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे याच जातीचं पोटाचं औषध, घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांना लेव्होडोपा सुरू केलं जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट होती. तुमच्या आईंची गोष्ट तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, ती अजून सुधारली जाते. त्यात मेटोक्लोप्रमाइड आहे. लेव्होसल्पिराइड त्यात नावानिशी सापडणार नाही, कारण ते तिथे विकलंच जात नाही. आपल्याकडे मात्र ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडीला बसून घरोघरी गेलं आहे. चक्करेवरच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचीही तीच कथा.

आता तुमचा प्रश्न. दुष्परिणाम होणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. ढेकरांना हे औषध पंधरा दिवस देणं ही चूक नाही, मीही देतो. चूक पुढे कुठेतरी आहे. पंधरा दिवसांचे चौदा महिने कोणी केले, ते शोधा. पहिली चिठ्ठी काढून बघा. किती दिवसांसाठी लिहिलं होतं?

---

चिंचेचं_पान

डॉक्टर, सासूबाईंची कॅप्सूल एकदम बंद केली तर चालेल का?

---

ओपीडी_नंबर_९

फोरमवर विचारून काहीही बंद करू नका, माझ्याकडूनही नाही. उद्या पाकीट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोळीचं नाव तोंडी सांगू नका, पाकीटच न्या.

---

अर्ज_विनंती

वकील आहे, ग्राहक आयोगातली कामं बघते. हा कायदेशीर सल्ला नाही, गप्पा समजा.

पोलिसात जायचं डोक्यात असेल तर आधी ते काढा. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं. पुण्यात ती फाइल ससूनच्या समितीकडे जाते. शिवाय भारतीय न्याय संहितेचं १०६ कलम निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी आहे, आणि तुमच्या आई देवाच्या कृपेने वॉकर घेऊन फिरताहेत.

राहिला ग्राहक आयोग. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्यात येतो, हे १९९५ च्या शांता खटल्यापासून ठरलेलं आहे. २०१९ च्या कायद्यात व्याख्येतून 'आरोग्यसेवा' हा शब्द गळला तेव्हा डॉक्टर सुटले अशी आवई उठली होती. आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खाली बसवली. मुदत दोन वर्षं. उपचारांसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही.

आता सिद्ध काय करायचं? या विषयातला जुना आणि मोठा निकाल आपल्या पुण्यातलाच आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. जोशी विरुद्ध गोडबोले, निकाल १९६८. गुहागरजवळ पालशेतच्या समुद्रावर मुलाचा पाय मोडला, त्याला पुण्याला आणलं आणि इथे तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या: रुग्ण हातात घ्यायचा की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्हींत डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायला हवी. पराकोटीचं कौशल्य नको, आणि अगदीच ढिसाळपणाही नको. तुमच्याकडे सगळा घोळ तिसऱ्यात दिसतो.

औषधावरून गाजलेला खटला म्हणजे कुणाल साहांचा. त्यांच्या पत्नीला कोलकात्यात अंगावर पुरळ उठलं म्हणून दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम दिलं. १९९८ मध्ये त्या गेल्या. भरपाई मिळाली ५ कोटी ९६ लाख आणि वर व्याज, पण २०१३ मध्ये. पंधरा वर्षं आणि नवरा स्वतः डॉक्टर. तिथे डोसच कुठल्याही पुस्तकात न बसणारा होता. तुमच्या प्रकरणात डोस पुस्तकातला आहे, मुदत नाही. ते सिद्ध करणं जास्त किचकट.

माझ्या मते पोटाच्या डॉक्टरपेक्षा मेंदूचे डॉक्टर जास्त अडचणीत आहेत. कंपवाताचं निदान करताना इतर औषधं कोणती चालू आहेत हे विचारायलाच हवं. त्यांच्या केसपेपरवर तो रकाना रिकामा असेल तर तुमच्या हातात काहीतरी आहे. सगळे कागद लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. अर्जाची पोच घ्या.

---

तुळशीबागवाले_नाही

७२ तास! पुण्यात ७२ तासांत दुकान उघडं सापडलं तरी पुष्कळ.

---

निवृत्त_काउंटर

सगळे डॉक्टरांवर बोलताहेत. मी ३४ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलाकडे दिलंय. आमच्या धंद्याबद्दल मीच बोलतो.

हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. आणि चिठ्ठी असली तरी नियम असा आहे की डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. औषध नियमावलीत १९४५ पासून आहे. पाळतं कोण? मी पाळला का? खरं सांगतो, सुरुवातीला पाळला. मग समोरच्या दुकानाने फोनवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केली आणि १५ टक्के सूट लावली. म्हातारी माणसं कापलेलं पाकीट दाखवून "हेच द्या" म्हणतात. नाही म्हटलं तर "अहो, रोजचंच आहे" म्हणतात. त्यात गिऱ्हाईक ओळखीचं, मुलगा अमेरिकेत, कोण वाद घालणार.

धागाकर्ते, चौदा महिने कॅप्सूल कोणी आणली? बिलावर डॉक्टरांचं नाव काय छापलंय ते बघा. संगणकात पहिल्यांदा टाकलेलं नाव वर्षभर तसंच छापलं जातं. त्या डॉक्टरांना पत्ताही नसतो की त्यांच्या नावावर काय विकलं जातंय.

---

वसुधा_सातारारोड

आमच्याकडे वेगळं झालं, पण मुद्दा तोच. बाबांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होतं, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला होता, 'वीकली'. औषधाच्या पाकिटावर दुकानातल्या पोराने पेनने १-०-० केलं. सांभाळायला ठेवलेल्या मावशी ते बघून रोज देत राहिल्या. नवव्या दिवशी बाबांचं तोंड सोललं, पाणी गिळवेना. पांढऱ्या पेशी खाली गेल्या, अकरा दिवस ॲडमिट होते. वाचले.

आम्ही तक्रार केली नाही. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. मावशींनी जे लिहिलेलं ते दिलं. पेनने रेघ मारणारा पोरगा एव्हाना ते दुकान सोडून गेला होता. आता आमच्याकडे डबीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलंय: फक्त गुरुवार.

---

कोपऱ्यावरचा_चहा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चौदा महिने औषध घरात येत होतं आणि तुम्हाला त्यात काय आहे माहीत नव्हतं. मोबाईल घेताना रॅम विचारता. आईची थरथर सुरू झाल्यावर एकदा पाकिटावरचं नाव गूगलवर टाकलं असतं तर? सगळं डॉक्टरांनीच बघायचं का?

---

ओपीडी_नंबर_९

@कोपऱ्यावरचा_चहा, हे अन्यायाचं बोलणं आहे. रुग्णाला माहीत नसतं म्हणूनच तो आमच्याकडे फी देऊन येतो. उद्या विमानात बसताना पायलटला इंधन विचारणार का? आणि ज्यांनी गूगल केलं ते माझ्याकडे आले की बीपीची गोळीही बंद करून आलेले असतात. त्यातून आणखी दोन ॲडमिट होतात.

---

कोपऱ्यावरचा_चहा

मग डॉक्टर, तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सगळी पाकिटं दाखवायला सांगता का? खरं सांगा.

---

ओपीडी_नंबर_९

संध्याकाळी साठ पेशंट असतात तेव्हा नाही. नव्या पेशंटला विचारतो, जुन्याला विचारायचं राहतं. हा धागा वाचल्यापासून दोन दिवस विचारतोय. काल एका आजोबांच्या पिशवीत एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली. दोन्ही घेत होते. त्यातली एक मीच लिहिलेली.

---

डहाणूकर_कट्टा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस कागद काढत होतो, म्हणून लिहिलं नाही. कोपऱ्यावरचा_चहा, राग नाही. पुढचं वाचा म्हणजे का ते कळेल.

पहिली चिठ्ठी सापडली. पोटाच्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय: सकाळी उपाशीपोटी एक, १५ दिवस. त्यांचा दोष शून्य.

दुसरा कागद आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा, महिन्याभरानंतरचा. आई सर्दी-तापासाठी गेली होती. त्यावर तापाच्या गोळ्या, आणि खाली एक ओळ: 'सीएसटी'. मला कळलं नाही, बायकोच्या मैत्रिणीला विचारलं. म्हणजे आहे ते उपचार पुढे चालू ठेवा. त्याखाली 'एक महिन्याने भेटा'.

आम्ही भेटलो नाही. आईला बरं वाटत होतं. मी ऑफिसमधून येताना केमिस्टकडे पाकीट दाखवायचो. चौदापैकी निदान बारा महिने ती कॅप्सूल माझ्या हातांनी घरात आली. निवृत्त_काउंटर, बिलं बघितली. पोटाच्या डॉक्टरांचंच नाव आहे, शेवटच्या बिलापर्यंत. ते आईला एकदाच भेटले होते.

मेंदूच्या डॉक्टरांचे कागद मागितले. अर्ज घ्यायला काउंटरवर जरा खळखळ केली, मग पोच दिली आणि तिसऱ्या दिवशी फाइलच्या प्रती मिळाल्या. अर्ज_विनंती ताई, रकाना रिकामा नाही. 'सध्या चालू औषधे' यापुढे लिहिलंय: 'बीपीची गोळी १. बाकी काही नाही (मुलगा)'.

कंसातला मुलगा म्हणजे मी. मला तो प्रसंग आठवतो. त्यांनी विचारलं होतं, आणखी काही चालू आहे का? मी नाही म्हणालो. ॲसिडिटीच्या कॅप्सूलला मी औषध धरतच नव्हतो. ती आमच्याकडे ओट्यावर असायची, मिठाच्या बरणीशेजारी.

---

वसुधा_सातारारोड

स्वतःला इतकं लावून घेऊ नका. आमच्याकडेही कोणी धरत नाही.

---

अर्ज_विनंती

तुम्ही कागद लपवला नाहीत याबद्दल तुमचं कौतुक. अशिलं बहुधा असा कागद फाडतात.

आता खरं मत सांगते. मेंदूच्या डॉक्टरांविरुद्ध कमजोर. त्यांनी विचारलं आणि उत्तर लिहून ठेवलं. पाकिटं मागायला हवी होती का, यावर तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी बोलतील आणि संशयाचा फायदा त्यांना मिळेल. 'सीएसटी' लिहिणाऱ्यांविरुद्ध काहीतरी आहे. पंधरा दिवसांचं औषध काय आहे हे न बघता चालू ठेवा लिहिणं वाजवी काळजीत बसत नाही, हे मी मांडू शकते. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला 'एक महिन्याने भेटा'वर बोट ठेवेल आणि तुमचा स्वतःचा हलगर्जीपणा मोजायला लावेल. केमिस्टची तक्रार एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) करता येईल, ती सगळ्यात सोपी. निर्णय तुमचा.

---

निवृत्त_काउंटर

एफडीए त्या एका दुकानाचा परवाना चार दिवस निलंबित करेल. पाचव्या दिवशी तोच माणूस तेच देईल. पण करा. कोणीतरी केल्याशिवाय आमचे लोक वळत नाहीत. मुलालाही हा धागा वाचायला दिलाय.

---

ओपीडी_नंबर_९

आणखी एक करा, ज्यात वकील लागत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या औषधकोश आयोगाकडून चालतो. रुग्ण किंवा नातेवाईकही थेट कळवू शकतात, फॉर्म मराठीतही आहे. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. त्यात डॉक्टरवर आरोप नसतो, फक्त कोणतं औषध, किती दिवस आणि काय झालं. आम्ही डॉक्टरच नोंदवत नाही, हे मोठं दुखणं. माझ्याकडून १९ वर्षांत किती गेले ते विचारू नका.

---

तुळशीबागवाले_नाही

किती गेले?

---

ओपीडी_नंबर_९

दोन.

---

डहाणूकर_कट्टा

काल नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. पंचवीस वर्षांची ओळख, बाबांच्या शेवटच्या आजारात रात्री दोनला आलेला माणूस. कागद समोर ठेवला. त्यांनी बराच वेळ 'सीएसटी'कडे बघितलं आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे." बचाव केला नाही. उठून आईला भेटायला घरी आले, तिच्याशेजारी बसले. आईने त्यांना चहा करायला लावला मला, साखर कमी. त्यांच्यावर तक्रार करायची की नाही ते अजून ठरत नाही. बायको म्हणते कर. आई म्हणते वेड लागलंय का. मुदतीला अजून वेळ आहे. केमिस्टची तक्रार मात्र लिहून झाली, त्यात माझंही नाव घातलंय, की चिठ्ठीशिवाय मागणारा मी.

आज रविवार म्हणून तो मराठी फॉर्म घेऊन बसलो. आई सांगतेय, मी लिहितोय. थरथर कधी सुरू झाली तो आठवडा तिला नेमका आठवतो, कारण त्या संक्रांतीला तिच्या हातून हलव्याला काटा आला नव्हता. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'औषध कोणत्या कारणासाठी घेत होता'. मी म्हणालो, अपचन लिहू का?

आई म्हणाली, "खोटं नको लिहूस. ढेकर लिही."